ईश्वर, आत्मा आणि दुःख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न प्रवचनानंतर, अभ्यासवर्गात आणि पुष्कळदा घरात मृत्यू झाल्यानंतर दहाव्या-बाराव्याच्या दिवसांत विचारले जातात. उत्तरे देताना वेदान्त, वारकरी संत, बौद्ध विचार आणि आधुनिक मराठी चिंतन यांचा आधार घेतला आहे. परंपरेचे उत्तर जिथे अपुरे वाटले तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

देव दयाळू आणि सर्वसमर्थ असेल तर जगात दुःख का, हा प्रश्न आपल्याकडे पूर्वी कुणी विचारला होता का?

विचारला होता, आणि तो केवळ नास्तिकांनी नव्हे, तर वेदान्त्यांनी स्वतःच आपल्या मुख्य ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. वेदान्ताचा पायाभूत ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील पहिल्या पादाच्या चौतिसाव्या सूत्रात ईश्वरावरचे दोन आरोप नावानिशी येतात : एक पक्षपाताचा आणि दुसरा निर्दयपणाचा. शंकराचार्यांनी भाष्यात पूर्वपक्ष, म्हणजे आक्षेप घेणाऱ्याची बाजू, मांडताना हात आखडता घेतलेला नाही. देवांना अत्यंत सुखी, पशूंना अत्यंत दुःखी आणि माणसांना मधल्या स्थितीत ठेवणारा ईश्वर चारचौघांसारखाच रागद्वेषाने भरलेला ठरेल. आणि सगळ्या प्रजेला दुःख देऊन शेवटी तिचा संहारही करत असल्यामुळे, दुर्जनांनाही किळस यावी इतका तो क्रूर ठरेल, असे ते पूर्वपक्षाच्या तोंडून वदवतात. हा प्रश्न विचारणे म्हणजे श्रद्धेला बट्टा लावणे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही दोन-चार वाक्ये जरूर वाचावीत.

सूत्राचे उत्तर असे आहे की ईश्वर स्वतःच्या लहरीने विषम सृष्टी करत नाही, तर जीवांच्या धर्माधर्मांची अपेक्षा ठेवून करतो. येथे शंकराचार्य पावसाचे उदाहरण देतात. भात आणि जव यांच्या उगवण्याला पाऊस हे सारखेच कारण असते, पण एका शेतात भात आणि दुसऱ्यात जव येण्याचे कारण पाऊस नसून त्या त्या बियाण्यातील सामर्थ्य असते. ईश्वर हे सर्वसाधारण कारण आणि जीवांचे कर्म हे विशेष कारण, अशी ही विभागणी आहे.

मग ईश्वर केवळ कर्माचा हिशेब ठेवणारा कारकून उरत नाही का?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येत नाही. कर्म बदलण्याचे सामर्थ्य ईश्वरात आहे असे मानले, तर त्याने ते का वापरले नाही हा प्रश्न उरतो. नाही असे मानले, तर तो सर्वसमर्थ उरत नाही. मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. शून्यातून जग निर्माण करणारा आणि म्हणून जगातील प्रत्येक गोष्टीला जबाबदार असणारा ईश्वर हे वेदान्ताचे चित्रच नाही. जीव आणि त्यांची कर्मे अनादी आहेत, आणि ईश्वर त्या सामग्रीची व्यवस्था लावतो. त्यामुळे त्याच्यावरचा आरोप सौम्य होतो. तो संपत नाही.

मध्वाचार्यांनी ही अडचण वेगळ्या मार्गाने सोडवली. जीवांमध्ये स्वभावतःच उच्चनीच तारतम्य असते आणि काही जीव मोक्षाला मुळातच अपात्र असतात, असे द्वैतमत सांगते. तर्काच्या दृष्टीने ही मांडणी जास्त नेटकी आहे, कारण विषमतेचे मूळ ती जीवाच्या स्वभावातच ठेवते. परंतु कायमचे अंधारात राहणारे जीव असतात हे मान्य करण्यापेक्षा मला अर्धवट सुटलेले कोडे परवडते.

पहिले कर्म कुठून आले?

पुढच्याच सूत्रात हा प्रश्न आहे. सृष्टीच्या आधी जीवांचे विभागच नव्हते, तर कर्म कुणी केले? उत्तर एका शब्दात आहे : संसार अनादी आहे. बीज आधी की अंकुर, या प्रश्नाला जसा आरंभ नाही तसाच यालाही नाही.

या उत्तराने आरंभाचा प्रश्न निकालात निघतो, पण त्याच्या मागचा प्रश्न तसाच राहतो. कर्मांची साखळी कितीही मागे गेली तरी, मुळात दुःख देणारी अशी साखळी असावीच का, हे ती साखळी सांगू शकत नाही. वेदांतील कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा पंथाच्या कुमारिलभट्टांनी सृष्टिकर्त्या ईश्वराचे खंडन करताना याच दुखऱ्या नसेवर बोट ठेवले होते. सृष्टीपूर्वी दुःखी जीवच नव्हते, तर करुणेपोटी सृष्टी केली असे म्हणता येत नाही. आणि करुणेपोटीच केली असेल, तर ती केवळ सुखमय का केली नाही? वेद प्रमाण मानणारा एक कट्टर कर्मकांडी पंडित हे विचारतो, हे विसरता कामा नये.

संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण यांत नेमका फरक काय?

आजवर साठलेले सर्व कर्म म्हणजे संचित. त्यातील ज्या भागाचे फळ भोगायला सुरुवात झाली आहे ते प्रारब्ध. आणि आत्ता केले जात आहे ते क्रियमाण. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात या तिहेरी विभागणीवर आक्षेप घेतला आहे. फळ सुरू झालेले आणि फळ सुरू न झालेले असे दोनच भेद वेदान्तसूत्रांना धरून आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. व्यवहारात लोक प्रारब्ध हा शब्द जवळजवळ नशीब या अर्थाने वापरतात, आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

सगळे प्रारब्धानेच ठरलेले असेल तर प्रयत्न कशाला करायचा?

सगळे ठरलेले आहे असे म्हणणारा एक संप्रदाय भारतात खरोखर होता. बुद्ध आणि महावीर यांचा समकालीन मक्खली गोसाल आणि त्याचे आजीवक अनुयायी असे मानत की प्राण्यांच्या पावित्र्याला किंवा मालिन्याला काहीही कारण नाही, पुरुषप्रयत्न म्हणून काही नाही, आणि ठरलेले सर्व जन्म पार पडल्यावर मूर्ख आणि शहाणा दोघांच्याही दुःखाचा सारखाच अंत होतो. हे नियतिवादी मत बौद्धांनी, जैनांनी आणि वैदिकांनी, तिघांनीही फेटाळले. तेव्हा आज आपण धर्माच्या नावाखाली “नशिबात असेल ते होईल” असे म्हणतो, तेव्हा आपण गीतेचे नव्हे, तर बहुधा गोसालाचे अनुयायी असतो.

या प्रश्नाचा सर्वांत व्यवहारी विचार मला चरकसंहितेत सापडतो, आणि वैद्यकाच्या ग्रंथात तो सापडावा यात आश्चर्य नाही. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अग्निवेश गुरूंना विचारतो की आयुष्याचे प्रमाण आधीच ठरलेले असते की नाही. आत्रेय पुनर्वसूंच्या उत्तराचा आशय असा : ते दैव आणि पुरुषकार म्हणजे माणसाचा प्रयत्न या दोहोंवर अवलंबून असते, आणि दुबळे दैव बलवान प्रयत्नाने मागे सारता येते. प्रत्येकाचे आयुष्य जर ठरलेलेच असते, तर दीर्घायुष्यासाठी मंत्र, औषधे, उपवास यांची खटपट कुणी केली नसती, आणि पिसाळलेली जनावरे, पूर आलेल्या नद्या किंवा डोंगराचे कडे यांपासून कुणी जपून राहिले नसते. दवाखान्याबाहेर बसून “आयुष्याची दोरी बळकट असेल तर वाचेल” असे म्हणणारे नातेवाईकसुद्धा आत चाललेले सलाईन बंद करा असे सांगत नाहीत. माणूस जे करतो त्यात त्याचे खरे मत दिसते.

ब्रह्मसूत्रेही याच दिशेने जातात. जीवाचे कर्तृत्व ईश्वराधीन आहे असे म्हटल्यावर लगेच पुढचे सूत्र पुस्ती जोडते की ईश्वर जीवाने केलेल्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवूनच त्याला प्रवृत्त करतो. एरवी “हे कर, ते करू नकोस” अशी शास्त्राची आज्ञाच व्यर्थ ठरेल.

तुकोबांच्या गाथेत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू भेटतात. “ठेविले अनंते तैसेचि राहावे” हे सर्वांच्या तोंडी असते. “असाध्य ते साध्य करिता सायास” हेही त्याच माणसाने लिहिले. पहिल्या अभंगात उद्वेग वाहून दुःखच पदरी पडते, असे पुढे म्हटले आहे. तो अभंग जे घडून गेले त्याबद्दल जळत राहण्याविषयी आहे. दुसरा, जे अजून करायचे आहे त्याविषयी आहे. हे दोन्ही अभंग समोरासमोर ठेवून तुकोबांना विसंगत ठरवणाऱ्यांनी काळाचा हा फरक पाहिलेला नसतो.

गीता एकीकडे ईश्वर सर्वांना यंत्रावर बसवल्यासारखे फिरवतो म्हणते आणि दुसरीकडे मनात येईल तसे कर म्हणते. यातले खरे काय?

ही दोन्ही वाक्ये अठराव्या अध्यायात अगदी लागून आहेत, हे सहसा लक्षात येत नाही. एकसष्टाव्या श्लोकात ईश्वर सर्व भूतांच्या हृदयात राहून मायेने त्यांना यंत्रारूढ असल्याप्रमाणे फिरवतो. बासष्टाव्यात त्यालाच शरण जा असा उपदेश आहे. आणि त्रेसष्टाव्यात, मी सांगितलेल्या ज्ञानाचा पूर्ण विचार करून तुझी इच्छा असेल तसे कर, असे म्हणून श्रीकृष्ण थांबतात. ग्रंथकाराला विसंगती कळली नाही असे म्हणणे कठीण आहे, कारण मध्ये फक्त एकच श्लोक आहे.

या तीन श्लोकांचा माझ्या समजुतीप्रमाणे लागणारा अर्थ असा. गीतेला मोकळीक मान्य आहे, पण ती सर्वत्र सारखी आहे हे मान्य नाही. तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की इच्छा नसताना, जणू जबरदस्तीने ढकलल्याप्रमाणे, माणूस पाप कुणाच्या प्रेरणेने करतो. हा प्रश्न व्यसन सोडू पाहणाऱ्या कोणालाही तत्काळ कळेल. श्रीकृष्णांचे उत्तर ईश्वराकडे बोट दाखवत नाही. ते काम आणि क्रोध यांच्याकडे बोट दाखवते. अठराव्या अध्यायातच कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवे दैव. म्हणजे कर्ता पाचांपैकी एक आहे. “सर्व मीच केले” हा अहंकार आणि “मी काहीच केले नाही” ही पळवाट, दोन्हींना या यादीत जागा नाही.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याचे दहावे प्रकरण याच विषयाला वाहिलेले आहे. देह आणि इंद्रिये प्रकृतीच्या म्हणजे कर्माच्या नियमांनी बांधलेली असली, तरी आत्म्याकडून येणारी मोक्षाची प्रेरणा स्वतंत्र आहे, आणि अभ्यासाने ती इंद्रियांवर हळूहळू अंमल बसवू शकते, अशी त्यांची मांडणी आहे. सहा वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या माणसाने आत्म्याच्या स्वातंत्र्यावर इतक्या थंड डोक्याने लिहावे, याचे मला दर वाचनात अप्रूप वाटते.

आपण निर्णय घेण्यापूर्वीच मेंदू तो घेऊन मोकळा होतो, असे विज्ञानाने सिद्ध केले आहे ना?

तसे सिद्ध झालेले नाही. १९८३ साली बेंजामिन लिबेट यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, वाटेल तेव्हा मनगट हलवणाऱ्या व्यक्तींच्या मेंदूतील विद्युत्-हालचाल मनगट हलण्याच्या सुमारे अर्धा सेकंद आधी सुरू झालेली दिसली, आणि “मला हलवावेसे वाटले” ही जाणीव सुमारे एकपंचमांश सेकंद आधी. यावरून पुष्कळांनी इच्छास्वातंत्र्य निकालात काढले. खुद्द लिबेट यांनी ते काढले नाही. सुरू झालेली कृती ऐन वेळी रोखण्याचे सामर्थ्य जाणिवेकडे उरते, असे ते मानत. पुढे २०१२ मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तो सुरुवातीचा चढ म्हणजे आधी झालेला निर्णय नसून, मेंदूतील सततच्या चढउतारांची बेरीजही असू शकते. शिवाय मनगट केव्हा हलवायचे आणि आईला वृद्धाश्रमात ठेवायचे की नाही, हे दोन निर्णय एकाच जातीचे आहेत असे मानायला फारसा आधार नाही.

आत्मा म्हणजे काय, आणि तो दुःखापासून अलिप्त असेल तर दुःख नेमके कुणाला होते?

येथे एकच “हिंदू” उत्तर नाही, “भारतीय” उत्तर तर नाहीच. न्यायदर्शनात इच्छा, द्वेष, सुख, दुःख आणि ज्ञान हे आत्म्याचेच गुण आहेत, म्हणून दुःख आत्म्यालाच होते. सांख्यांचा पुरुष, म्हणजे आत्मा, केवळ साक्षी आहे. दुःख बुद्धीत घडते आणि पुरुष ते आपले समजतो. अद्वैतात हा गैरसमज म्हणजेच अविद्या. जैन मतात जीव देहाच्या आकाराएवढा असतो आणि कर्म हे त्याला चिकटणारे सूक्ष्म द्रव्य असते. बुद्धाने कायम टिकणारा आत्माच नाकारला. चार्वाकांच्या मते चैतन्य हा देहाचाच गुण, देहाबरोबर संपणारा.

कठोपनिषदातील नचिकेताची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण तिच्यातील एक बारकावा निसटतो. मेल्यानंतर माणूस असतो असे काही म्हणतात, नसतो असे काही म्हणतात, ते मला सांग, असा तिसरा वर तो मागतो. तेव्हा यम आधी म्हणतो की या बाबतीत पूर्वी देवांनाही शंका होती, दुसरा वर माग. प्रत्यक्ष मृत्यूने ज्याचे उत्तर देण्याआधी इतके आढेवेढे घेतले, त्याबद्दल आपण शेजारच्या घरात तेराव्याला छातीठोकपणे बोलतो.

अलिप्त आत्म्याचा सिद्धान्त दुःखी माणसाला कोरडा वाटतो, आणि चुकीच्या वेळी सांगितला तर तो कोरडाच असतो. पण चोखोबांची पत्नी सोयराबाई यांच्या अभंगात तोच सिद्धान्त हत्यार झालेला दिसतो. देहाला विटाळ म्हणतात, आत्मा तर शुद्ध आहे. देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा कोण झाला, असे त्या विचारतात. ज्या तत्त्वज्ञानाचा पाठ सोवळ्यात बसून होत होता, तेच सोवळ्याविरुद्ध उभे करण्याचे काम या बाईंनी चौदाव्या शतकात केले.

मागचा जन्म आठवत नाही; मग न आठवणाऱ्या अपराधाची शिक्षा न्याय्य कशी?

कर्मफळ ही शिक्षा नसून निसर्गनियमासारखा परिणाम आहे, असे यावर उत्तर दिले जाते. विष कुणी दिले ते आठवत नसले तरी ते भिनतेच. हे उत्तर ग्राह्य धरले तर एक किंमत मोजावी लागते : मग कर्मसिद्धान्त जगात न्याय आहे असे दाखवत नाही, फक्त नियम आहे असे दाखवतो. शिक्षेचा उपयोग सुधारण्यासाठी असतो आणि सुधारण्यासाठी अपराध ठाऊक असावा लागतो. दोन्ही गोष्टी, म्हणजे जग न्याय्य असणे आणि नियम आंधळा असणे, एकाच वेळी म्हणता येणार नाहीत. प्रवचनांत त्या बहुतेकदा एकाच दमात म्हटल्या जातात.

लहान मुलाला असाध्य आजार झाला. “पूर्वजन्मीचे भोग” असे लोक म्हणतात. हे शास्त्रसंमत आहे का?

त्या मुलाचे पूर्वकर्म सांगणाऱ्याने पाहिलेले नसते, हे पहिले उत्तर. दुसरे उत्तर बुद्धाचे आहे. संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात मोळियसीवक नावाचा परिव्राजक (भटका संन्यासी) विचारतो की माणूस जे काही सुखदुःख अनुभवतो ते सर्व पूर्वकर्मामुळे, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, ते बरोबर आहे काय? बुद्ध आठ कारणे मोजतात : पित्त, कफ, वात, या तिघांचा संनिपात, ऋतूंतील बदल, देहाची विषम निगा, अकस्मात आघात आणि आठवे कर्मविपाक, म्हणजे पूर्वकर्माचे फळ. सर्वच दुःखाचे खापर पूर्वकर्मावर फोडणारे लोक स्वतःला कळलेल्या आणि जगात खरे मानल्या जाणाऱ्या गोष्टींच्या पुढे धावत आहेत, असे ते म्हणतात. कर्म मानणारा हा माणूस कर्माला आठांपैकी एकच जागा देतो.

माझे स्वतःचे मत असे बनले आहे की कर्माचा विचार प्रथमपुरुषी आहे. “मी आज जे करीन त्याचे फळ मला आहे” असे म्हणणाऱ्याला तो सावध करतो. तोच विचार दुसऱ्याच्या अंथरुणापाशी नेला की निदान नसलेला निवाडा होतो. सांत्वनाला आलेली माणसे हे वाक्य दुष्टपणाने बोलतात असे नाही. शांतता सहन होत नाही म्हणून बोलतात. त्या आईला मात्र त्यातून एवढेच ऐकू येते की तिच्या मुलाने काहीतरी केले असले पाहिजे.

जातीमुळे भोगाव्या लागलेल्या दुःखाला संतांनी पूर्वकर्म म्हटले होते ना?

म्हटले होते, आणि नाकारलेही होते; त्याच घरात. चोखोबांच्या नावावरील एका अभंगात पूर्वी कृष्णनिंदा घडली म्हणून हा जन्म मिळाला, विटाळ हे आमच्या पूर्वीचे फळ, असे शब्द आहेत. दुसऱ्या एका अभंगात पाचही भूतांचा विटाळ एकच आहे, मग सोवळा कोण आणि ओवळा कोण, असा रोकडा सवाल आहे. त्यांचा मुलगा कर्ममेळा यांनी तर विठ्ठलालाच जाब विचारला : “आमुची केली हीन याती, तुज का न कळे श्रीपती, जन्म गेला उष्टे खाता, लाज न ये तुमच्या चित्ता.” यात पूर्वजन्माचा उल्लेख नाही. “केली” या क्रियापदाचा कर्ता समोर विटेवर उभा आहे.

चोखोबांचा मृत्यू मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळून झाला, असे परंपरा सांगते. वर्ष १३३८ मानले जाते. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर आहे. ते देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. सहाशे वर्षे ते दार कोणत्या कर्माने बंद होते, याचा शोध चोखोबांच्या मागच्या जन्मात घेण्याची गरज नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी “बुद्ध आणि त्यांचा धम्म” या, १९५७ साली त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, पूर्वकर्माच्या सिद्धान्तावर याच जागी घाव घातला आहे. गरीब आणि पददलित लोकांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला किंवा समाजाला झटकता यावी, याखेरीज या सिद्धान्ताचा दुसरा हेतू दिसत नाही, असे ते लिहितात. सिद्धान्ताचा हेतू तेवढाच होता का, यावर वाद होऊ शकतो. त्याचा वापर तसा झाला, यावर होऊ शकत नाही.

भूकंप, दुष्काळ, महापूर ही ईश्वराची शिक्षा असते का?

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा तो अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा आहे असे महात्मा गांधी म्हणाले. रवींद्रनाथ टागोरांनी लगेच जाहीर हरकत घेतली. भौतिक आपत्तीचे कारण भौतिक घटनांतच असते, आणि नैतिक कारण जोडायचे म्हटले तर विरोधी बाजूही तोच युक्तिवाद गांधीजींच्या विरुद्ध वापरू शकेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. गांधीजींनी आपले मत बदलले नाही. अस्पृश्यतेबद्दलची त्यांची चीड रास्त होती. पण या वादात माझे मत टागोरांच्या बाजूला पडते, कारण त्या भूकंपात अस्पृश्यही मेले.

महाराष्ट्राला किल्लारी आठवेल. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चारचा सुमार. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झालेले, गावे गाढ झोपेत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. घरे दगडमातीच्या जाडजूड भिंतींची, वर लाकडी तुळयांवर माळवद म्हणजे मातीचे सपाट छत, आणि पावसात गळू नये म्हणून माळवदावर टाकलेले मातीचे जड थर. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या या भिंती हादऱ्याने सुट्या झाल्या आणि वरचे सगळे ओझे झोपलेल्यांवर आले. असे का झाले, याचे उत्तर भिंत आणि माळवद यांतून मिळाले म्हणून पुनर्वसनात भूकंपरोधक घरे बांधता आली. दुःखाच्या कारणांचा शोध पूर्वजन्माकडे वळवला की हा दुसरा शोध अर्ध्यावर राहतो, आणि हा दोष केवळ तर्काचा नाही.

“हे मलाच का” हा प्रश्न मात्र माळवदाच्या जाडीने सुटत नाही. तेथे तुकोबा आठवतात. १६३० च्या सुमारास दख्खनेत पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचे सावकारी-दुकानदारीचे घर बसले, आणि एक पत्नी अन्न अन्न करत मेली, हे त्यांनी स्वतः अभंगात लिहून ठेवले आहे. दुसऱ्या अभंगात ते “बरे झाले देवा निघाले दिवाळे” असे म्हणतात. हे वाचून काही जण निष्कर्ष काढतात की दुष्काळ तुकोबांना संत करण्यासाठीच पाडला गेला. तुकोबा तसे म्हणत नाहीत. आपल्यावर जे कोसळले त्याचे पुढे काय केले, एवढेच ते सांगतात. त्या दुष्काळात मेलेल्या इतर लाखो माणसांना “बरे झाले” म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही, आणि त्यांच्या वतीने ते म्हटलेलेही नाही.

नवस, शांती, ग्रहदोषनिवारण यांनी प्रारब्ध बदलते का?

नवसाने मुले होत असतील तर नवरा कशाला करावा लागतो, असे तुकोबांनी विचारून ठेवले आहे. त्याहून स्पष्ट काय लिहिणार? भीती वाटते तेव्हा माणूस देवापाशी जातो यात गैर काही नाही. त्या भीतीचे दरपत्रक कुणी पुढे केले, तर ते परत करावे.

मराठीत दुःखाच्या या प्रश्नाचे ख्रिस्ती उत्तर उपलब्ध आहे का?

आहे, आणि ते चारशे वर्षे जुने आहे. गोव्यात राहिलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात आदाम आणि एवेची कथा पुराणाच्या थाटात येते. ख्रिस्ती उत्तराचा गाभा असा : ईश्वराने जग चांगले निर्माण केले, माणसाला निवड करण्याची मोकळीक दिली, आणि पहिल्या माणसांनी ती आज्ञाभंगाकडे वळवल्यामुळे दुःख व मृत्यू आले. पुनर्जन्म नसल्यामुळे येथे दुःखाचा हिशेब मागे नेता येत नाही. त्याऐवजी ईश्वर स्वतः क्रुसावर दुःख भोगतो. इच्छास्वातंत्र्याचे हे उत्तर माणसाने माणसाला दिलेल्या दुःखापुरते बळकट आहे. हरणाच्या पाडसाला वणव्यात का जळावे लागते, येथे ते अडखळते, आणि कर्मसिद्धान्तही तेथे अडखळतोच.

ईश्वरच मानला नाही तर हा प्रश्न सुटतो का?

आरोपी नाहीसा होतो, दुःख राहते. जैन, बौद्ध, सांख्य आणि मीमांसक यांनी सृष्टिकर्ता न मानताही दुःखाचा विचार कमी केला नाही. सांख्यकारिकेचे तर पहिलेच पाऊल तीन प्रकारच्या दुःखांच्या आघातापासून सुरू होते.

देवावर रागावणे, त्याला बोल लावणे हे पाप आहे का?

वारकरी परंपरेचा दाखला घ्यायचा तर नाही. संत जनाबाईंच्या नावावरील एका अभंगात त्या अंगणात उभ्या राहून विठ्ठलाला अरेतुरे करत शेलक्या शिव्या घालतात. त्याचे मढे गेले असेही म्हणतात. तुकोबांनी एका ठिकाणी “माझे लेखी देव मेला” असे सरळ लिहिले आहे. कर्ममेळ्याचा सवाल वर आलाच आहे. हे अभंग कुणी दडवले नाहीत, गाथ्यांतून गाळले नाहीत, आणि त्यांच्यावर प्रायश्चित्तही सांगितले नाही. ते ज्ञानोबा-तुकारामांच्या गजराबरोबर त्याच टाळांवर म्हटले जातात. ज्याच्यावर रागवायचे तो ऐकतो आहे, असे गृहीत धरल्याशिवाय असा राग येत नाही. म्हणून घरातले कुणी गेल्यावर देव्हाऱ्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाला “असे बोलू नये” म्हणून दटावू नये, त्याच्याकडून जबरदस्तीने दिवाही लावून घेऊ नये. दिवा त्या दिवसांत दुसऱ्या कुणी लावला तरी चालतो.